ऐकायला येणाऱ्या बाई

साल दोन हजार अठरा. मी सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि तोवर माझं काम नुसतं ऐकायला कुणी माझ्या दारात येऊन बसलं नव्हतं. बघायला पुष्कळ आले. तांब्याच्या हंड्यावर एकाशेजारी एक ठोके कसे पडतात ते बघत माणसं उभी राहत, कुणी फोटो काढत. बाई मात्र हातात पापडीच्या शेंगांची टोपली घेऊन आल्या, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तांबटभाऊ, तुमचं चालू द्या. मी ऐकायला आलेय." मी विचारलं, काय ऐकायला? त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज." मग डोळे मिटून शेंगांच्या शिरा काढायला लागल्या. डोळे मिटून पापडी निवडणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती, आणि माझ्या कामाला आवाज म्हणणारीही नव्हती.

बाई आमच्या सोसायटीच्या मंत्री होत्या. आमच्याकडे बडोद्यात सोसायटीला एक प्रमुख असतो आणि एक मंत्री. प्रमुख खुर्चीत बसतो, मंत्री काम करतो. गुजराती शेजारी त्यांना मंत्रीबेन म्हणत, आम्ही तीन-चार मराठी घरं बाई म्हणत असू, कारण जन्मभर त्यांनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं. त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. माझे पणजोबा त्याच संस्थानात भांडी घडवायला आले. मी एकदा त्यांना ऐकवलं की तुमच्या घरच्यांनी कागदावर नुसतं मागवलं, घडवलं ते आमच्या घरच्यांनी. त्या म्हणाल्या, "खरं आहे. आणि माल उशिरा आला असा शेराही आमच्याच आजोबांनी मारला असेल." बोलण्यात त्या कुणाला हार जात नसत. मीही जात नसे. म्हणून आमचं जमायला वेळ लागला.

त्यांची एक रीत होती. सोसायटीत कुणी कुणाच्या आवाजाची तक्रार केली की दुसऱ्या एखाद्या मंत्र्याने आधी चिठ्ठी लिहिली असती. बाई आधी तक्रार करणाऱ्याच्या घरी जाऊन तासभर बसत. मग ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल त्याच्या घरी तासभर. जाताना घरचं काहीतरी काम बरोबर नेत, म्हणजे घरच्या माणसांना पाहुणचार करावासा वाटू नये आणि त्यांनी रोजच्यासारखं वागावं. "तक्रार तोंडाने करतात, निवाडा कानाने करायचा," असं त्यांचं म्हणणं. पलीकडच्या ओळीत एका घरच्या घरघंटीवरून दोन जावा बोलेनाशा झाल्या होत्या. एकीच्या घरी पीठ दळलं की दुसरीच्या घरी भिंत गुरगुरायची. बाई दोन्ही घरी बसल्या, तांदूळ निवडले, आणि दुसऱ्या तासाला उठून घरघंटी आणि लोखंडी कपाट यांच्यामध्ये हात घातला. घंटी कपाटाला टेकली होती, कपाट भिंतीला. चार बोटं घंटी पुढे ओढली, खाली गोणपाटाची घडी घातली, गुरगुर गेली. जावांचं बोलणं सुरू व्हायला मात्र दिवाळी उजाडावी लागली. बाई म्हणाल्या, ते माझ्या खात्यात येत नाही.

कायदा त्यांना पाठ होता. नुसता पाठ नव्हे, तो त्या समजावून सांगत. रात्रीचे दहा ते सकाळचे सहा म्हणजे रात्र, त्या वेळात भोंगा नाही, फटाका नाही. दिवसालाही हद्द असते, वस्तीची हद्द वेगळी, बाजाराची वेगळी, कारखान्याची आणखी वेगळी. दवाखान्याजवळ आणि शाळेजवळ आणखी सांभाळायचं. शिवाय सोसायटीचा आपला नियम, दुपारी एक ते चार ठोकाठोक नाही. हे सगळं त्यांनी फाटकाजवळच्या फळ्यावर गुजरातीत आणि मराठीत लिहून ठेवलं होतं आणि पावसाने पुसलं की पुन्हा लिहीत. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. वाचतो, पण बोट ठेवून. त्या फळ्यापुढे बोट ठेवून उभं राहणं मला मानवत नसे, म्हणून मी तो कधी वाचला नव्हता. त्यात माझ्यासाठी काही असेल असंही मला वाटलं नव्हतं.

सणाच्या दिवशी मात्र त्या फळ्याचा धाक घालत नसत. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, आमच्याकडे पहाटेपासून गच्चीगच्चीवर भोंगे लागतात, पिपाण्या वाजतात, पतंग कापला की अख्खी ओळ ओरडते. बाई स्वतः गच्चीत खुर्ची टाकून चिक्की खात बसत. एका नव्या भाडेकरूने त्यांना विचारलं, आज तुमचे नियम कुठे गेले? त्या म्हणाल्या, "सणाला कायदा दाराबाहेर चपला काढून आत येतो. घर सोडून जात नाही." आणि खरंच, रात्रीचे दहा वाजले की खाली उतरून ज्या गच्चीवर अजून भोंगा चालू असेल तिच्याखाली जाऊन उभ्या राहत. बोलत नसत. नुसत्या वर बघत. दोन मिनिटांत भोंगा बंद व्हायचा. प्रमुखांची गच्ची असली तरी.

आता माझं सांगतो. पाणीगेटच्या आतल्या बाजूला आमचं दुकान होतं, वडिलांपासूनचं. जागा मालकाने मागून घेतली तेव्हा मी ऐरण घेऊन घरी आलो. मुलगा सुरतेला नोकरी करतो, तो म्हणाला, बाबा, आता बसा. बसून काय करू? आमचं टेनामेंट तळमजल्याचं, पुढे ओटा, मग बाहेरची खोली. त्या खोलीत, शेजारच्या भिंतीला लागून, मी फरशी फोडली, खड्डा घेतला, त्यात बाभळीचा ओंडका गाडला आणि ओंडक्यात ऐरण बसवली. तिथेच का, तर तिथे खिडकीचा उजेड आडवा येतो. मठारायचं म्हणजे गुळगुळीत हातोड्याने भांड्यावर ओळीने ठोके मारत जायचं. प्रत्येक ठोक्याचं चकाकतं चांदणं उठतं, ते आडव्या उजेडातच दिसतं. आणि दुसरं कारण असं की ते दाराजवळ होतं. तांबट दारात बसतो. येणाराजाणारा बघतो, म्हणतो, कंसाराकाका बैठा छे; तांबटाला गुजरातीत कंसारा म्हणतात. आमच्यात कुणी मोरीपाशी बसून काम केलेलं नाही.

भिंतीपलीकडे जिग्नेश राहायचा, बायको आणि तो. मकरपुऱ्याला एका कारखान्यात मशिनवर कामाला, पाळ्या तीन. पहिल्या दोन पाळ्यांत आमचं काही बिघडलं नाही. तिसरी पाळी लागली की रात्रभर काम करून सकाळी साडेसातला कंपनीच्या बसने नाक्यावर उतरायचा, आंघोळ करून आठला झोपायचा. मी साडेआठला बसायचो. थंड वेळ, हात चांगला चालतो. महिनाभर त्याने सहन केलं. मग एका सकाळी डोळे तांबडेलाल करून ओट्यापुढे आला आणि म्हणाला, "काका, हुं माणस छुं के पतरूं?" मी हात न थांबवता म्हटलं, पत्रा असतास तर कामाला आला असतास. आमची ही आतून म्हणाली, अहो, असं बोलू नये. पण बोलून झालं होतं.

त्याने अर्ज दिला. अर्जावर आणखी सहा-सात घरांच्या सह्या. त्यातले दोघे माझ्याकडून तांब्याचे लोटे घेऊन गेलेले. अर्जात असं होतं की सोसायटी राहण्यासाठी आहे, धंद्यासाठी नाही, आणि कंसाराकाकांची ऐरण इथून हलवावी. रविवारी संध्याकाळी सभा. प्रमुख मला रस्त्यात भेटून म्हणाले, काका, आता उंमर थई, आराम करो. मी घरी येऊन हिला सांगितलं, ऐरण गेली तर मी इथे राहणार नाही. ती म्हणाली, कुठे जाल? दुकान गेलंच होतं. सुरतेला मुलाचं घर चौथ्या मजल्यावर, तिथे तर खिळाही ठोकू देत नाहीत. ऐरण हलली की माझे हात संपले, एवढं मला कळत होतं. अर्जावर तेवढं कुणी लिहिलं नव्हतं.

म्हणून बाई ऐकायला आल्या तेव्हा मी मुद्दाम जोरात ठोकलं. म्हटलं, ऐका. तासाभराने त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "रोजच्यापेक्षा आज जास्त जोर लावलात." मग त्या जिग्नेशकडे जाऊन बसल्या. त्या तासात मी नेहमीसारखं ठोकलं, कारण फसवणं मला जमत नाही, एकदा रागात केलं ते केलं.

मधल्या दिवशी प्रमुखांनी आपलं डोकं चालवलं. त्यांच्या फोनमध्ये आवाज मोजायचं काहीतरी होतं. ते घेऊन आले, ओट्यावर धरलं, मला म्हणाले, मारो. मी मारला. आकडा वर गेला, खाली आला, कुठे थांबेना. प्रमुख जोरात म्हणाले, जुओ, केटलो आवाज छे, आणि त्यांच्या त्या बोलण्यासरशी आकडा माझ्या ठोक्याच्याही वर गेला. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, प्रमुखसाहेब, तुमच्याविरुद्धही अर्ज घ्यावा लागेल. फोन खिशात गेला तो पुन्हा निघाला नाही. बाईंनी मला नंतर सांगितलं की मोजायची खरी यंत्रं असतात, ती सरकारी माणसं आणतात, आणि ती आणायची वेळ आली तर समजायचं की शेजारी म्हणून आपण दोघेही नापास झालो.

शुक्रवारी त्या पुन्हा आल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ओंडका भिंतीच्या पायाला चिकटला आहे, ठोका हवेतून कमी आणि जमिनीतून जास्त जातो. जिग्नेशचा पलंग हलतो, हे त्यांनी बसून अनुभवलं होतं. ओंडका मागच्या अंगणात न्या, खाली वाळू भरा, वर उघडं आभाळ आहे, उजेड हवा तेवढा. आणि त्याच्या तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी बसू नका, चारनंतर बसा. मी म्हटलं, मागच्या अंगणात चोकडी आहे, तिथे भांडी घासतात. घडवलेली भांडी घासायच्या जागी घडवू? त्या म्हणाल्या, तिथेच तर ती शेवटी जातात. अर्ज आल्यावर हिने तो फळा मला वाचून सांगितला होता. मी म्हटलं, तुमच्याच फळ्यावर लिहिलंय ना, रात्र दहा ते सहा? मी दिवसा ठोकतो. दुपारी एक ते चार बंद ठेवतो. तुमच्या कायद्याने मी सुटलो. मला वाटलं, आता बाईंना पकडलं.

बाई म्हणाल्या, "कायदा माणसाला झोपेची रात्र देतो, पण घड्याळातली. जिग्नेशची रात्र सकाळी आठला सुरू होते. त्याच्यासाठी कायद्यात ओळ नाही, तांबटभाऊ. जिथे कायद्यात ओळ नाही तिथे शेजार लागतो." मी म्हटलं, शेजार मला नको शिकवू. एकेरीवर आलो, हे म्हणताना माझ्याच लक्षात आलं. त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि विचारलं, उद्या सकाळी दहा मिनिटं मोकळी आहेत का? तुम्ही भिंतीच्या त्या बाजूला बसा, मी या बाजूला बसते. मी ठोकते.

मला हसू आलं. म्हटलं, या.

शनिवारी सकाळी मी त्यांना एक जुनं चेपलेलं पातेलं दिलं, हातोडा जड जाईल म्हणून लाकडी मोगरी दिली, आणि कसं बसायचं ते दाखवलं. तीन दिवस मठारत आणलेला एक हंडा बाजूला ठेवला होता, त्याला हात लावू नका म्हणून सांगितलं. मग जिग्नेशच्या घरी गेलो. त्या घरात मी त्याआधी पाऊल ठेवलं नव्हतं, चार वर्षांत. त्याच्या बायकोने खुर्ची दिली, पाणी दिलं. जिग्नेश पलंगावर पाय पसरून बसला होता, त्याला मजा वाटत होती. भिंतीतून पहिला ठोका आला. खरंच पलंगाची दांडी थरथरली. मी म्हटलं, ठीक आहे, एवढं काय त्यात. दुसरा आला, तिसरा आला. मग माझा कान ताठ झाला. भांडं ऐरणीला नीट टेकलं की ठोका भरीव येतो. हा पोकळ येत होता. भांडं अधांतरी धरून त्या मारत होत्या. मी स्वतःला म्हटलं, मारू दे, जुनंच पातेलं आहे. आणखी दोन ठोके आले आणि मला कळलं की आता ते पातेलं नव्हतं. पातेल्याचा गळा बसका असतो. हा आवाज उंच होता, लांब जात होता. त्या माझा हंडा ठोकत होत्या.

मी उठलो तेव्हा जिग्नेश म्हणाला, "काका, बेसो ने. हजी तो चार ज मिनिट थई." मी चपला न घालता धावत गेलो. बाई ओंडक्यापाशी मांडी घालून बसल्या होत्या, हंडा मांडीवर, मोगरी हातात, आणि अगदी हलके मारत होत्या. हंड्याला खरचटलंही नव्हतं. मी तो हिसकावूनच घेतला. म्हटलं, हे काय ठोकणं झालं? एक ठोका जागेवर नाही. ऐकवत नव्हतं मला तिकडे. दहा मिनिटं काय, दोन मिनिटं कुणी ऐकू नये असं मारत होतात तुम्ही.

त्यांनी मोगरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "ज्याला काम कळत नाही, त्याला सगळेच ठोके असे ऐकू येतात."

मी हंडा उजेडाकडे फिरवत राहिलो, कुठे वण आहे का ते बघत. बघायला काही नव्हतं, पण त्यांच्याकडे बघायचं नव्हतं. एवढ्या वर्षांत मला वाटत आलं होतं की माझा ठोका ऐकणाऱ्याला चांगलाच वाटत असणार, कारण तो चांगला असतो. पलीकडच्या माणसाला तो चांगला की वाईट हे कळतच नाही, त्याच्यापर्यंत नुसता दणका पोचतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मग मी विचारलं, पण हंडाच का घेतला? पातेलं दिलं होतं ना? त्या उठता उठता म्हणाल्या, पातेल्यासाठी तुम्ही धावत आला नसता.

हे सगळं झालं तरी मी हो म्हटलं नाही. ते माझ्या स्वभावात नाही, आणि आज त्याची लाजही वाटत नाही. रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या मोकळ्या जागेत सतरंज्या टाकून सभा बसली. जिग्नेशने आपलं सांगितलं, वाईट बोलला नाही. एकाने सुचवलं, ऐरण आठ दिवसांत सोसायटीबाहेर काढावी. हात वर करायची वेळ आली. प्रमुखांनी मला विचारलं, काका, तमारे कंई कहेवुं छे? मी उभा राहिलो आणि म्हटलं, माझं काम मी कुणाला विचारून सुरू केलं नाही, विचारून बंदही करणार नाही. आणि खाली बसलो. ही मागून म्हणाली, झालं, घालवलंत.

तेव्हा बाई उठल्या. त्यांनी कायद्याचा कागद आणला होता, पण उघडला नाही. त्यांनी सांगितलं की मी दोन्ही घरी तासतास बसले आहे. जिग्नेशभाईंची तक्रार खरी आहे, पलंग हलतो. आणि तांबटभाऊंचं कामही खरं आहे, बडोद्यात असे हात आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, ते हात सोसायटीबाहेर काढले तर ते कुठे जाऊन बसणार नाहीत, थांबतील. म्हणून ऐरण बाहेर नको, मागे न्यायची, आणि वेळ जिग्नेशभाईंच्या पाळीप्रमाणे ठरवायची. कुणीतरी म्हणालं, पण ते तर तयारच नाहीत, त्यांच्याकडून शब्द घ्या. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा माणूस शब्द देत नाही, कारण दिला की मोडता येत नाही त्याला. मला पंधरा दिवस द्या. ऐरण मागे गेली नाही, तर सोळाव्या दिवशी मंत्री दुसरा शोधा." बाईंशिवाय मंत्री म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. हात वर झाले ते त्यांच्या बाजूने. जिग्नेशचाही वर गेला, उशिरा, पण गेला.

मी घरी येऊन ओट्यावर बसलो. मला न विचारता या बाईने माझ्यासाठी आपलं मंत्रीपद पणाला लावलं, याचा राग आला होता. जेवताना हिने विचारलं, काय ठरवलंत? मी म्हटलं, जेवू दे.

बाई जाऊन आता दोन वर्षं होतील. थंडीचे दिवस होते, दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेल्या, कुणाला त्रास नाही. मुलगी पुण्याहून आली तेव्हा तिला त्यांच्या कपाटात नियमांची वही सापडली. प्रत्येक तक्रारीपुढे कुठल्या घरी किती वेळ बसल्या आणि बसून काय निवडलं तेही लिहिलेलं होतं, गहू, मेथी, पापडी. खांदा द्यायला जिग्नेश होता. मंत्री आता एक तरुण मुलगा आहे, चांगला आहे, फोनवर निरोप पाठवतो. परवा त्याच्या निरोपावरून दोन घरं भांडली तेव्हा मी त्याला म्हटलं, आधी जाऊन बस रे त्यांच्याकडे. तो म्हणाला, काका, टाइम नथी. मी म्हटलं, मग मी बसतो. तेव्हापासून मी जातो. मी निवडायला काही नेत नाही, तेवढं बाईंचं मी घेतलेलं नाही. नुसता बसतो आणि ऐकतो. आवाजाचं मला बऱ्यापैकी कळतं, असं आता लोकही म्हणतात. पण बाई आठवल्या की मला आठवते ती त्या सभेनंतरची सकाळ.

त्या आठवड्यात जिग्नेशची तिसरी पाळी होती, सभा आटोपून तो तसाच कामावर गेला होता. मी साडेचारलाच उठलो. पहार काढून ठेवली, फावडं ठेवलं, ऐरण ओंडक्यातून हलवून सुटी केली, तेवढं आवाज न करता होतं. मग ओंडक्यावर बसून राहिलो. पंधरा दिवस मला कुणाकडून नको होते. ही उठली, मला अंधारात बसलेला बघून घाबरली, म्हणाली, काय करताय? मी म्हटलं, सहा वाजायची वाट बघतोय.

सहा वाजले. आणखी पाच मिनिटं जाऊ दिली, कुणाचं घड्याळ मागे असेल म्हणून. मग फरशीवर पहिली पहार घातली. अख्खी ओळ जागी झाली. दिवे लागले, खिडक्या उघडल्या. प्रमुख बनियनवर धावत आले, काका, आ शुं मांड्युं छे सवार सवारमां. त्यांच्यामागून बाई आल्या, शाल अर्धी खांद्यावर. त्यांनी काय चाललंय ते आत येऊन बघितलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

मी म्हटलं, "रात्र संपली, बाई. सहा वाजून गेलेत. तो साडेसातला उतरतो, तेवढ्यात उरकतो."

बाई प्रमुखांकडे वळल्या आणि म्हणाल्या, नियमात बसतंय. मग त्यांना असंही म्हणाल्या की आता उठलाच आहात तर ओंडक्याचं एक टोक धरा. प्रमुखांनी धरलं. दोघांनी मिळून तो मागे नेला, चोकडीच्या पलीकडे, त्यांचं बनियन मातीने भरलं. बाई ओट्यावर बसून होत्या, शेवटपर्यंत. नाक्यावर कंपनीची बस थांबली तेव्हा खड्डा बुजला होता, फरशीचे तुकडे गोणीत भरले होते, आणि मी खोलीत केर काढत होतो.